किमान पेंढी मंडळापुढे हौसा नको म्हणाली

एका जंगलात, बाळांनो, सगळंच किमान होतं. सावली किमान, पाणी किमान, आणि चारा तर इतका किमान की तो खाल्ला की नाही हे गाढवांना रात्री आठवतसुद्धा नसे. भरपूर होती ती फक्त मंडळं. ओढ्याचं मंडळ होतं, वाऱ्याचं मंडळ होतं, घुबडांच्या झोपेवर देखरेख ठेवणारंही एक मंडळ होतं. आपल्या गोष्टीतलं मंडळ म्हणजे किमान पेंढी सल्लागार मंडळ.

त्याचं काम सोपं. दिवसभर राबणाऱ्या जनावराला संध्याकाळी कमीत कमी किती गवत द्यावं, हे सिंहमहाराजांना सांगायचं. महाराजांच्या आजोबांच्या काळात ते एक पेंढी ठरलं होतं आणि अजून एक पेंढीच होतं. महाराजांची गुहा मात्र वाढत वाढत टेकडीच्या माथ्यावर जाऊन पोचली होती. तिथवर दगड वाहायचे ते गाढवांनी.

त्या गाढवांत हौसा नावाची एक गाढवीण होती. दिसायला किडकिडीत, पण तोंडानं फटकळ. एकदा मुकादम वानर दगडांच्या जोडीला स्वतःही तिच्या पाठीवर चढून बसला. हौसा जागची हलली नाही. "वर दगड हवेत की माकडं हवीत, ते महाराजांना विचारून या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. तेव्हापासून मुकादम तिच्याशी बोलताना जरा लांबच उभा राहायचा.

एवढी खमकी हौसा, पण एका गोष्टीपुढे तिचं काही चालत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे सोनबाकाका. आई गेल्यावर या म्हाताऱ्या गाढवानंच तिला वाढवलं होतं. चढावर खूर कसा रोवायचा, उतारावर दम कसा धरायचा, हे सगळं त्यानंच शिकवलेलं. आता सोनबाचे गुडघे कामातून गेले होते. परवा तर तो चढावर बसला तो उठेचना. थंडी तोंडावर आलेली, आणि एका पेंढीवर सोनबा ही थंडी काढायचा नाही, हे हौसाला स्पष्ट दिसत होतं. रोज ती आपल्यातलं अर्धं गवत त्याच्यापुढे सरकवायची. रोज तो "माझं झालंय गं" म्हणून ते परत सरकवायचा. हौसाला रडूच यायचं.

आणि एके दिवशी सुतार पक्ष्यानं वाळक्या सागावर दवंडी पिटली.

"पाहिजे हो पाहिजे! मंडळावर कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी पाहिजे! उमेदवार कष्टकरी असावा! दिवसा मोकळा असावा! चाऱ्यात त्याचा कसलाही स्वार्थ नसावा!"

दिवसा मोकळा असलेला कष्टकरी कुठून आणायचा, असं मला विचारू नका. मंडळालाही ते सुचलं नव्हतं, म्हणून तर ती जागा कित्येक पावसाळे रिकामी पडली होती. पण परवा शेजारच्या जंगलातला वाघ पाहुणा आला, आणि जेवता जेवता त्यानं सहज विचारलं, "तुमच्या मंडळावर राबणारं असं कोणीच नाही?" महाराजांना घास गिळवेना. लगेच हुकूम सुटला.

गाढवांची बैठक भरली. बैठक कसली, सगळे दमून एकाच जागी पडले होते, तेवढंच. पण एकमतानं ठरलं की हौसानंच जायचं आणि दोन पेंढ्या मागायच्या.

"उपाशीपोटी जाऊ नकोस," सोनबा म्हणाला. "उपाशी गेलीस की भांडशील. पोटभर खा आणि मग नीट मुद्दा मांड."

मग प्रत्येकानं आपल्या पेंढीतला एकेक घास तिला काढून दिला. सोनबानं तर आपली अख्खी पेंढी पुढे केली. हौसा नको नको म्हणत होती, पण कोणी ऐकेल तर शपथ. दोन शिंगरांनी तिची पाठ चाटूनपुसून चकचकीत केली.

"आणि एक लक्षात ठेव," निघताना सोनबा म्हणाला. "मोठ्यांच्या दारी जातेयस. त्यांनी काही खायला पुढे केलं तर लगेच तोंड घालायचं नाही. आपल्यात रीत आहे. तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. आपल्याला कोणी हावरट म्हणता कामा नये."

तुमच्या आईनंही तुम्हाला हेच शिकवलंय ना? मला माहितीये.

मंडळ बसायचं एका मोठ्या वडाखाली. अध्यक्ष होती घोरपड. तिला त्या खडकावर महाराजांच्या आजोबांनी बसवलं होतं आणि ती तेव्हापासून त्याला चिकटलेली होती. तिच्या शेजारी वेटोळं घालून अजगर. एकदा पोटभर गिळलं की ऋतू बदलेपर्यंत त्याला भूक लागायची नाही, म्हणून किमान आहार या विषयातला जाणकार म्हणून त्याची नेमणूक झालेली. तिसरं वटवाघूळ. ते धड पक्ष्यांत नाही, धड जनावरांत नाही, तेव्हा त्याच्याइतकं निःपक्षपाती दुसरं कोण असणार? ते वर फांदीला उलटं लटकून मत द्यायचं. आणि नोंदी ठेवायला साळिंदर. लिहायची वेळ आली की ते पाठीचा एक काटा उपटायचं, जांभळाच्या रसात बुडवायचं आणि लिहायचं.

"या, हौसाबाई, या," घोरपड गोड आवाजात म्हणाली. "चालून दमला असाल. आधी काहीतरी खाऊन घ्या."

साळिंदरानं हौसापुढे गवत आणून ठेवलं. काय गवत होतं! ओढ्याकाठचं, हिरवंगार, लुसलुशीत, अजून दव न वाळलेलं. असलं गवत हौसानं शिंगरू असताना एकदाच खाल्लं होतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पण कानात सोनबाचे शब्द होते.

"नको नको," ती लाजून म्हणाली. "आत्ताच खाऊन आले."

आता पुढे काय व्हायला हवं, ते तुम्हाला ठाऊक आहे. यजमानानं म्हणायचं, "असं कसं? दोन घास तरी घ्या." पाहुण्यानं म्हणायचं, "खरंच नको हो." यजमानानं रागावल्यासारखं करायचं, आणि मग पाहुण्यानं कसंबसं घ्यायचं. हौसा वाट बघत राहिली.

घोरपड काही बोलली नाही. ती अजगराकडे बघून हसली. अजगरानं मान डोलवली. साळिंदरानं काटा उपटून नोंद केली, की उमेदवारानं ताजा चारा नाकारला. मग त्यानं गवत उचललं आणि घेऊन गेलं. हौसाचे डोळे त्या गवताबरोबर पार वळणापर्यंत गेले.

"बोला," घोरपड म्हणाली. "काय म्हणणं आहे?"

हौसानं स्वतःला सावरलं. "एक पेंढी पुरत नाही, बाई. दोन हव्यात. आमची म्हातारी गाढवं चढावर कोसळताहेत."

"पण तुमचं तर पोट भरलेलं आहे," अजगर सावकाश म्हणाला. "आत्ताच म्हणालात."

"ते हो, तसं म्हणायची रीत असते."

"म्हणजे तुम्ही मंडळासमोर खोटं बोललात?"

"खोटं नाही हो!"

"मग पोट भरलेलं आहे."

घोरपड पुढे झुकून म्हणाली, "हे बघा, खोटं बोलणाऱ्याला आम्ही मंडळावर घेत नाही. आणि ज्याचं पोट भरलंय, त्याचा चाऱ्यात स्वार्थ नाही. असाच प्रतिनिधी आम्हाला हवाय. तेव्हा नीट आठवून सांगा. भूक होती की नव्हती?"

हौसाच्या डोळ्यांपुढे सोनबा आला, चढावर बसलेला. होती म्हणावं तर जागा गेली आणि सोनबाही गेला. नव्हती म्हणावं तर निदान आत शिरता येईल, मग आत बसून भांडता येईल. तोंडानं आपण कुठे कमी आहोत?

"नव्हती," ती म्हणाली.

"निवड झाली!" वटवाघूळ वरून म्हणालं.

त्या संध्याकाळी गाढवं इतकी ओरडली की घुबडांच्या मंडळाकडे तक्रार गेली. सोनबा तर ज्याला त्याला सांगत सुटला, "आमची हौसा मंडळावर आहे म्हटलं!"

पहिलीच सभा भरली. घोरपडीनं घसा खाकरला. "एक आनंदाची गोष्ट समोर आलीय. कष्टकऱ्यांच्या प्रतिनिधीनं स्वतः ताजं गवत नाकारलं. याचा अर्थ, एक पेंढी खाऊनही त्यांना नकोसं होतंय. माझी सूचना आहे की यापुढे अर्धी पेंढी द्यावी."

"अहो, काहीतरीच काय!" हौसा ओरडली. "मी रीत म्हणून नको म्हटलं! उपाशी आहोत आम्ही सगळे!"

"उपाशी जनावराला रीत सुचत नाही," अजगर म्हणाला. "रीत पाळताय, म्हणजे बरं चाललंय तुमचं."

"मला तर इथून ही वाढच दिसतेय," वटवाघूळ उलटं लटकून म्हणालं.

मतं घेतली. तीन विरुद्ध एक. आत बसून भांडता येतं हे खरं होतं, फक्त जिंकता येत नव्हतं.

मग सभेचा भत्ता आला. प्रत्येक सदस्यापुढे त्याच हिरव्यागार गवताच्या पेंढ्या रचल्या गेल्या. अजगर गवत खात नाही, पण भत्ता घ्यायचा. या खेपेला हौसानं एकदाही नको म्हटलं नाही. तिनं सरळ तोंड घातलं आणि आवाज करत, डोळे विस्फारून खायला लागली. "बघा!" ती भरल्या तोंडानं म्हणाली. "नीट बघून घ्या! याला भूक म्हणतात!"

सगळं मंडळ हेलावलं. घोरपडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगंबाई," ती म्हणाली, "सल्ला देण्याचं काम किती थकवतं हो!" आणि सभेचा भत्ता तिथल्या तिथे तिप्पट झाला.

हौसानं उरलेल्या पेंढ्या पाठीवर लादल्या. ओझं दगडांइतकंच होतं. बरोबर साळिंदरही निघालं. अर्ध्या पेंढीचा निर्णय लिहून महाराजांपुढे वाचला की लागू होणार होता, पण त्याआधी एखाद्या कष्टकऱ्याच्या घरी जाऊन पाहणी करायचा नियम होता.

सोनबा गोठ्याच्या कडेला पडला होता. उठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. हौसानं एक पेंढी सोडून त्याच्या तोंडाशी धरली. "घे काका. तुझ्यासाठी आणलंय."

सोनबानं गवताकडे पाहिलं. मग हौसामागे उभ्या असलेल्या त्या सरकारी पाहुण्याकडे पाहिलं. चारचौघांत हावरटपणा कसा दाखवायचा?

"नको गं," तो म्हणाला. "आत्ताच खाल्लं."

पाठीमागे काटा उपटल्याचा आवाज आला. "वृद्ध गाढवानंही चारा नाकारला," साळिंदर पुटपुटत लिहू लागलं. "अर्ध्या पेंढीतही थोडी बचत होऊ शकेल, असं वाटतं."

बाळांनो, गाढवीण फार विचार करत नाही असं लोक म्हणतात. हौसानं त्या वेळी खरोखरच केला नाही. तिनं पुढचे पाय रोवले, सोनबानं चढावर शिकवले होते तसेच, आणि मागचे दोन्ही एकदम झाडले.

साळिंदर करवंदीच्या जाळीवरून पलीकडे गेलं. काटे मात्र सगळे अलीकडेच राहिले. ते असे उधळले की काही झाडाच्या बुंध्यात घुसले, काही ओढ्यात पडले, आणि एक हौसाच्या खुरात रुतला. पलीकडून गुळगुळीत झालेलं साळिंदर उठलं, स्वतःकडे बघून लाजलं आणि पळत सुटलं.

ते बघून सोनबाला हसू आवरेना. किती दिवसांनी हसला म्हातारा! हसायला त्यानं तोंड उघडलं आणि हौसानं तेवढ्यात पेंढी आत सारली. ती त्यानं खाल्ली. दुसरीला तर तो नकोसुद्धा म्हणाला नाही.

साळिंदराला नवे काटे यायला बराच वेळ लागला. काटे नाहीत म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून निर्णयही नाही. एक पेंढी होती ती एक पेंढीच राहिली. गाढवांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा विजय म्हणून तो दिवस अजून साजरा होतो. सोनबानं थंडी काढली. एका सभेचा भत्ता एका म्हाताऱ्या गाढवाला अख्खी थंडी पुरला.

हौसाला अर्थातच मंडळावरून काढलं. वाळक्या सागावर परत दवंडी झाली. अटी त्याच होत्या, फक्त एक नवी होती.

"उमेदवाराला मागचे पाय नसावेत हो!"

तात्पर्य : भुकेल्यानं सभ्यपणे वागू नये. भुकेची नोंद कोणी ठेवत नाही, सभ्यपणाची मात्र ताबडतोब होते. तरीही वागायचंच असेल, तर मागचे पाय मोकळे ठेवून वागावं.