काळा झगा आणि लाटणं

एझ्रा स्टोव्हर लेकीशी बोलत नव्हता. जे काही सांगायचं ते तो मांजराला सांगत होता.

"जेरेमाया," कॉफीचा घोट घेऊन तो चुलीजवळच्या मांजराला म्हणाला, "कॉफी जळलीय. तिला सांग, आपल्या घरात असली कॉफी पीत नाहीत."

"जेरेमाया," डेलाही मांजराकडेच बघून म्हणाली, "बाबांना सांग, कॉफी त्यांनीच केलीय."

मांजराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ते उठून अंगणात गेलं. डेला घरी आल्यापासून ही मध्यस्थी त्याच्या गळ्यात पडली होती, आणि त्याबद्दल त्याला दुधाचा एक थेंबही जास्त मिळत नव्हता.

म्हाताऱ्याचा राग साधासुधा नव्हता. मिनर्व्हा, त्याची बायको, वसंतात गेली आणि एकुलती एक लेक मातीला आली नाही. आली ती कणसं वाळायच्या दिवसांत, आईच्या थडग्यावर गुडघाभर गवत वाढल्यावर. नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या गावात एझ्रा खोगिरं आणि लगाम शिवायचा. दफनाच्या दिवशी गावातलं एकूण एक घोडं थडग्यापर्यंत आलं होतं. लेक तेवढी नव्हती.

लेक कॅलिफोर्नियात सिनेमात होती. विनोदी चित्रपटांत तिच्या तोंडावर क्रीमचे केक बसत, गाढवं तिला डबक्यात टाकत, आणि नवऱ्यामागे लाटणं घेऊन धावायचं असलं की डेलालाच बोलावणं येई. घोडेस्वारांच्या चित्रपटांत ती विधवा तरी होई, नाहीतर नायकाला घेवडा वाढी. नायिका निराळी असे, कुरळ्या केसांची. तिच्या तोंडावर कधी काही बसत नसे. डेलाचा चेहरा साऱ्या देशाला ठाऊक होता, नाव मात्र एकाही पोस्टरवर आलं नव्हतं. तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

"बाबा," ती म्हणाली. मांजर गेल्यामुळे आता सरळच बोलावं लागणार होतं. "आई गेल्याची तार आली तेव्हा आम्ही डोंगरात होतो. खोटं थडगं खणून तयार होतं आणि मला विधवा म्हणून त्याच्यासमोर रडायचं होतं. आगगाडी दुसऱ्या दिवशी, आणि इथवर यायला चार दिवस. मी पोचलेच नसते. दिग्दर्शक म्हणाले, आता रडतेच आहेस तर कॅमेऱ्यासमोर रड. मी रडले. ते रडणं आईचं होतं, बाबा. ते रिळावर आहे, आणि तो चित्रपट आज क्लिंगमनच्या थिएटरात लागतोय. एकदा बघा. मग आयुष्यभर मांजराशी बोला."

एझ्राने कॉफीचा कप खाली ठेवला. मग उठून त्याने टोपी घातली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, त्याच्या कानाच्या उंचीला, लाकडात चार-पाच खोल टवके होते. बाहेर जाताना त्यांवरून बोट फिरवायची त्याची सवय होती. आजही त्याने ते फिरवलं.

"जेरेमाया," तो अंगणात जाऊन म्हणाला, "संध्याकाळी मी घरी नाही. पाद्र्याला सांगू नकोस."

डेलाने खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण एवढं जमल्यावर माणसाला आणखी पक्कं करावंसं वाटतं. संध्याकाळी खेळाच्या आधी ती क्लिंगमनच्या माळ्यावरच्या यंत्राच्या खोलीत गेली. ऑटो क्लिंगमनने धान्याच्या जुन्या कोठाराचं थिएटर केलं होतं. तिकीट तोच फाडी, यंत्र तोच फिरवी. यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत पडद्यावर 'बायकांनी कृपया हॅट काढाव्यात' अशी पाटी येई. त्या दिवशी दोन चित्रपट होते, घोडेस्वारांचा आणि विनोदी. दोन्ही डेलाच्याच कंपनीचे.

"मिस्टर क्लिंगमन, थडग्याचं रीळ वेळेवर लागायला हवं हं. माझे वडील आलेत."

"काळजी सोड गं. पण या डब्यांवरचे कागद प्रवासात फाटलेत. ओळखायचं कसं?"

"सोपंय. रिळाचं टोक दिव्यासमोर धरा. मी काळ्या झग्यात दिसले की तेच."

क्लिंगमनने मान डोलावली. डेला समाधानाने खाली येऊन बापाशेजारी बसली. कंपनीकडे तिच्या मापाचा काळा झगा एकच आहे, आणि त्या विनोदी चित्रपटातही तिने तोच घातला होता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दिवे गेले होते.

पहिलं रीळ झकास झालं. शेरीफ, म्हणजे पडद्यावरचा डेलाचा नवरा, मेला. "खोगीर उलटं बांधलंय," एझ्रा अंधाराला म्हणाला. शवपेटी उचलली गेली, हॅटची पाटी आली. पियानोवर मिसेस प्रुइट होत्या. त्यांना पडद्यावरचं दिसत नसे, म्हणून त्या नेमून दिलेल्या कागदाप्रमाणेच वाजवत. कागदावर लिहिलं होतं: रीळ दुसरं, दफन. त्यांनी चर्चमधलं संथ गाणं सुरू केलं. मिनर्व्हाला मातीत ठेवताना त्यांनीच वाजवलेलं.

पडदा उजळला. काळ्या झग्यातली डेला ओट्याशी उभी राहून कणीक लाटत होती.

"हे नाही," डेला पुटपुटली. "बाबा, हे ते नाही!"

पडद्यावरच्या डेलाने मनगटाने नाक पुसलं. नाकावर पीठ लागलं. कमरेवर हात ठेवून तिने दाराकडे पाहिलं. दारातून नवरा चोरपावलांनी आत येत होता. तिने डोळे बारीक केले, एप्रनला हात पुसले आणि लाटणं उचललं. कोठार हसण्याने दणाणलं. लाटणं सणसणत गेलं आणि नवऱ्याच्या कपाळावर बसलं. मिसेस प्रुइट शांतपणे दफनाचं गाणं वाजवत राहिल्या.

"मिस्टर क्लिंगमन!" डेला मागे वळून ओरडली. "थांबवा!"

"हॅट काढा!" मागून कोणीतरी म्हणालं.

ती उठणार तोच तिच्या मनगटावर बापाचा हात पडला. चामडं शिवून शिवून राठ झालेला. तिने वळून पाहिलं. सारं गाव पोट धरून हसत होतं आणि एझ्रा स्टोव्हर रडत होता. आवाज न करता, तोंड उघडं टाकून. बायकोच्या दफनाला ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून गावाने नावं ठेवली होती, तो.

डेलाला वाटलं, शरमेने रडतायत. संपलं सगळं.

क्लिंगमनला चूक कळली ती रीळ संपल्यावर. त्याने घाईघाईने थडग्याचं रीळ चढवलं. आता मिसेस प्रुइटच्या कागदावर विनोदी चित्रपट होता, म्हणून त्यांनी पोल्का नाचाची उडती धून धरली. डेला थडग्याशी गुडघे टेकून रडायला लागली. रडताना ती डाव्या कानाची पाळी ओढत होती. लोकांना वाटलं, आता ही लाटणं काढणार. ते आधीच हसू लागले, आणि ती कान ओढू लागली तेव्हा तर पुढच्या बाकावरचा एक शेतकरी खाली घसरला. डेलाने डोळे मिटून घेतले. आयुष्यात एकदाच ती कॅमेऱ्यासमोर खरं रडली होती, आणि तिच्या गावाला त्याचं हसू आवरत नव्हतं.

दोघं घरी आली. डेलाने दिवा लावला. मांजर चुलीजवळ होतं. ती त्याच्याकडेच बघून म्हणाली, "जेरेमाया, बाबांना सांग, उद्याच्या गाडीने मी जाते."

एझ्रा चौकटीत उभा होता. टोपी अजून डोक्यावर होती.

"कान ओढत होतीस," तो म्हणाला.

डेलाने वर पाहिलं. तो मांजराकडे बघत नव्हता.

"लहानपणी खरं रडायला लागलीस की कान ओढायचीस. नाटक असलं की नाही. आई लांबूनच ओळखायची." त्याने टोपी काढली. "दिसलं मला. गाव हसेना का."

"मग बाबा, त्या पहिल्याला का रडलात?"

"ती तुझी आईच होती की! नाकाला पीठ, कमरेवर हात. इतके महिने मला तिचा चेहरा आठवत नव्हता गं. डोळे मिटले की पेटीच दिसायची." त्याने बाहीने नाक पुसलं. "उद्याही लावणार का क्लिंगमन तेच?"

"सांगते लावायला."

"आणि एक. चुकलीस तू."

"कुठे?"

एझ्राने चौकटीवरच्या टवक्यांवर बोट ठेवलं आणि तिथेच, पाठ टेकून, उभा राहिला. टवके बरोबर त्याच्या कानाशेजारी आले.

"तू त्याच्या कपाळावर मारलंस. तुझ्या आईने एवढ्या वर्षांत एकदाही लाटणं मला लागू दिलं नाही. इतक्या जवळून चुकवायचं, तर नेम पक्का लागतो, पोरी."