ट्यूना, तीन प्रतींत

हेडक्लार्कला मासे मुळात आवडत नसत. ताटात आलाच तर खायचा, पण काटा काढताना चेहरा असा, की जणू दुसऱ्याच्या फायलीतली चूक उपसतोय. असा माणूस चार दिवस खोल समुद्रात राहून ट्यूना पकडायला निघाला, त्याचं कारण बोटवाल्या कंपनीच्या माहितीपत्रकात अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं. किनारा सुटल्यावर दोन तासांनी मोबाइलची रेंज जाते आणि परत येईपर्यंत मिळत नाही. ते वाक्य त्यानं तीनदा वाचलं, आणि मग कुठे माशाचं चित्र बघितलं.

त्याचं दुखणं साधं होतं. कचेरीत दहा ते साडेपाच सगळे त्यालाच विचारत, आणि घरी साडेपाचपासून निजेपर्यंत सगळे त्यालाच विचारत. स्टेपलर कुठे, जुनं रजिस्टर कुठे, गॅसची पावती कुठे, आत्याचा चष्मा कुठे. चष्मा आत्याच्या कपाळावर असला तरी विचारणार त्याला. एकतीस वर्षं हे चाललं होतं. चार दिवस कोणी काही विचारू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी ट्यूना पकडावा लागला तर तोही पकडायची तयारी होती.

कचेरीतल्या तिघांना त्यानं बरोबर घेतलं. येणारे कागद नोंदवणाऱ्याला तिथे सगळे आवक म्हणत, जाणारे कागद नोंदवणाऱ्याला जावक, आणि तिसरा दिवसभर शिक्के मारायचा म्हणून तो शिक्का. त्यांची पाळण्यातली नावं त्यांच्या बायकांना आठवत असली तर असतील. तिघेही कमी बोलणारे, म्हणून तर निवडले. बोट सहाजणांची, हे चौघेच. उरलेल्या दोन बर्थवर कोणीही नसणार, या विचारानं हेडक्लार्कला महिनाभर आधीपासून छान झोप लागू लागली.

घरी मात्र त्यानं समुद्राची अशी बदनामी केली, की समुद्राला कान असते तर त्यानं दावा ठोकला असता. लाटा दुमजली. संडास एकच, तोही डोलणारा. बोट लागली की आतडी तोंडात येतात, आणि ऊन कातडी सोलून ठेवतं. हे सगळं कशासाठी, तर बायकोनं 'मीही येते' म्हणू नये म्हणून. हेडक्लार्कीण शेंगा सोलत ऐकत होती. मग कशाला मरायला जाताय, एवढंच तिनं विचारलं. कचेरीतले लोक मागेच लागलेत, असं त्यानं सांगितलं, आणि असा चेहरा केला की जणू त्याला धरूनच नेणार आहेत.

बोट ठरवायचं पत्र जावकनं पाठवलं. आता त्या कचेरीची एक रीत होती. तिथून कोणताही कागद तीन प्रतींशिवाय बाहेर जात नसे. त्यात मागच्या वर्षी वरून फर्मान आलं होतं, की प्रत्येक प्रतीला वेगळा नंबर द्यायचा, म्हणजे एखादी हरवली तर कुठली हरवली ते कळतं. जावक इमानदार माणूस. त्यानं बोटीचं पत्र तीन नंबरांनी तीनदा पाठवलं, तिन्हीवर हेडक्लार्कची सही घेऊन.

बोटवाली मंडळी काही कचेरीत वाढलेली नव्हती. त्यांना तीन पत्रं दिसली, तीन नंबर दिसले. त्यांनी त्या तारखेला तीन बोटी लिहून टाकल्या आणि होकाराची तीन पत्रं धाडली. इथे तरी कोणाच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती पत्रं पडली आवकच्या हातात. त्यानं तिन्हींना तीन आवक नंबर दिले आणि तिन्ही प्रती व्यवस्थित पोचल्याचं सांगितलं. इतकं नीट काम हल्ली खाजगीत कोणी करत नाही, असं हेडक्लार्क कौतुकानं म्हणाला. शिक्कानं तिन्हीवर 'पाहिले' असा शिक्का उमटवला. पाहिलं कोणीच नव्हतं, पण शिक्का सरळ उमटला होता.

मग तयारी सुरू झाली. ट्यूना म्हणे माणसाएवढा असतो आणि तासतासभर ओढतो. म्हणून हेडक्लार्क रोज संध्याकाळी कमरेला जाड पट्टा बांधून गॅलरीत उभा राहायचा आणि गळाच्या काठीनं पाण्यानं भरलेली बादली दोन मजले वर ओढायचा. बादली निम्म्यावर आली की खालच्या मजल्यावरची शिक्षिका खिडकीतून म्हणायची, अहो, नळाला पाणी नाही का? चौथ्या दिवशी आत्यानं काठी हातातून घेतली. बहात्तर वर्षांची बाई. तिनं बादली एका दमात वर घेतली आणि पाणी कुंड्यांना घालून टाकलं. हेडक्लार्कनं त्या दिवसापासून सराव बंद केला. हात दुखावला होता, असं त्याचं म्हणणं.

निघायला आठ दिवस उरले, तेव्हा बोटवाल्या कंपनीतल्या बाईचा फोन आला. तिन्ही बोटींचा बर्फ आणि आमिष सांगून ठेवलंय, आता अठरा जणांची नावं तेवढी हवीत.

कुठल्या तीन बोटी, हे समजून घ्यायला हेडक्लार्कला खुर्चीवर बसावं लागलं. दोन रद्द करा, असं त्यानं सांगून बघितलं. बाई गोड आवाजात म्हणाली, रद्द करायचं तर तीस दिवस आधी लेखी द्यावं लागतं, मुदत गेली, कप्तानांनी दुसरी कामं सोडलीत, बोट रिकामी नेली तरी भाडं तेवढंच. तो स्वतः एकतीस वर्षं लोकांना याच शब्दांत दारातून परत पाठवत आला होता. फक्त त्याचा आवाज इतका गोड नव्हता.

चौघे जुन्या कागदांच्या खोलीत जमले. चूक जावकची, असं आवक म्हणाला. जावकनं फर्मान काढून दाखवलं. शिक्का म्हणाला, समोर आलं ते मी छापलं. फर्मान बरोबर, नोंद बरोबर, शिक्का बरोबर. तेव्हा चूक कोणाचीच नाही असं ठरलं, आणि ज्याअर्थी चूक नाही त्याअर्थी चौदा माणसं गोळा करायची, असंही ठरलं. आवकनं एक बोट आपल्या सासुरवाडीनं भरायची. दुसरी जावक आणि शिक्का मिळून भरतील. तिसरी हेडक्लार्कच्या घरची.

त्या संध्याकाळी चहा पिताना त्यानं विषय काढला.

"समुद्र तसा शांत असतो म्हणे."

"कुठला? परवापर्यंत दुमजली लाटा होत्या, तो?" बायको म्हणाली.

"तो पावसाळ्यातला. आता ऋतू बदलला."

"आणि संडास एकच होता ना?"

"तिन्ही बोटींवर एकेक आहे."

तिनं कप खाली ठेवला. "तिन्ही?"

पुढच्या दहा मिनिटांत तिनं सगळं काढून घेतलं. ती हसलीही नाही आणि चिडलीही नाही. उठली, आरशासमोर गेली आणि आपल्याला टोपी कशी दिसेल ते बघून आली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि पाण्यानं वेढलेली अशी जागा तिनं कपडे धुतानाच पाहिली होती.

तिथून पुढे तयारी तिच्या हातात गेली आणि खऱ्या अर्थानं सुरू झाली. लेक-जावई येणार ठरलं. तिची थोरली बहीण येणार ठरलं, म्हणजे तिचा नवरा आलाच. हा साडू म्हणजे हेडक्लार्कची खास डोकेदुखी; आयुष्यात गळ हातात न धरता ट्यूनाची नजर कशी ओळखावी ते सांगणारा. आत्याला कोणी विचारलं नव्हतं. तिनं पिशवी भरून दारात ठेवली, तेव्हा कळलं. बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्या, आणि त्या सोसतात का ते बघायला हेडक्लार्किणीनं एका रविवारी सकाळी जमलेल्या सगळ्यांना एकेक दिली. दहाच्या सुमाराला घरातली सातच्या सात माणसं जिथे होती तिथे आडवी झाली. दूध उतू जाऊन, करपून, धूर होऊन शिक्षिकेनं दार बडवलं तेव्हा जागी झाली. गोळी चांगली आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

हेडक्लार्कनं मनातल्या मनात चार दिवसांचं चित्र पुन्हा रंगवून पाहिलं. फोन वाजणार नव्हता, हे खरं. पण फोन करणारे सगळे हाताच्या अंतरावर असणार होते. आवकच्या बोटीत जागा होते का, हेही त्यानं हळूच विचारून पाहिलं. तिथे आवकचे दोन मेव्हणे आधीच एका बर्थवरून भांडत होते.

आपल्या बोटीच्या नावांची यादी बायकोनं केली. तिन्ही प्रतींवर तिनं बोट ठेवलं, इथे सही करा म्हणाली. त्यानं केली. खाली जागा दिसली की सही करायची आणि वर काय आहे ते वाचायचं नाही, या शिस्तीवर तर त्याची बढती झाली होती.

निघायच्या दिवशी सकाळी साडेपाचला सगळे धक्क्यावर हजर. पहिल्या दोन बोटी भरून सुटल्यादेखील. तिसऱ्या बोटीचा कप्तान यादी घेऊन फळीपाशी उभा राहिला आणि एकेक नाव वाचू लागला. प्रत्येक नावाला एकेक माणूस आत गेलं. सहा झाली. कप्तानानं कागदाची घडी घातली.

हेडक्लार्क कमरेला पट्टा, डोक्याला टोपी, हातात काठी घेऊन उभाच. "आणि मी?"

कप्तानानं घडी उलगडली. "तुम्ही अर्जदार. सही आहे तुमची, हे बघा. यादीत नाही."

बायकोनं बोटीतूनच बोटं मोजली. "मी, लेक, जावई, ताई, भावोजी, आत्या. सहा." तिनं पुन्हा मोजली, मग त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला मोजायचं राहिलं बघा. तुम्ही असताच ना, म्हणून."

सातवं लाइफ जॅकेट नाही, तेव्हा सातवा माणूस नाही, असं कप्तानानं सांगून टाकलं. लेक म्हणाली, बाबा, मी उतरते. जावई म्हणाला, मग मीही. साडू क्षितिजाकडे असा बघत होता, की जणू ट्यूना तिथून हात हलवतोय. आत्या बर्थवर आडवी झाली होती आणि आता चार दिवसांनीच उठेन म्हणत होती. हेडक्लार्किणीनं एक पाय फळीवर ठेवला. टोपी नवी होती, तिची दोरी हनुवटीखाली घट्ट बांधलेली होती.

"मी राहते मागे," ती म्हणाली. "एवढी तुम्ही हौसेनं ठरवलेली सफर."

त्यानं तिच्या टोपीकडे बघितलं. "नको, तू जा," तो म्हणाला. आणि हे म्हणताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घर. पूर्ण रिकामं घर. चार दिवस. विचारणारं प्रत्येक तोंड या बोटीत, आणि बोट रेंजच्या बाहेर. त्याला असं हसू फुटलं, की ते लपवायला टोपी पुढे ओढावी लागली. सगळ्यांना वाटलं, रडतोय. बायकोचे डोळे भरून आले. साडूनंसुद्धा मान खाली घातली. हेडक्लार्कनं अत्यंत दुःखानं पट्टा सोडला, काठीसकट जावयाच्या हाती दिला, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मग रिक्षा पकडून पळत सुटल्यासारखा घरी आला.

घर गप्प होतं. त्यानं बूट मधोमध काढून टाकले, कोणी काही म्हणालं नाही. चहा केला, बशीत ओतला, मोठ्यानं आवाज करून प्यायला. कोणी काही विचारलं नाही. "वा," असं तो भिंतीला म्हणाला. फ्रीज थोडा वेळ घरघरला आणि तोही थांबला.

साडेसात वाजले. त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळानं सुलटा केला. आवाज बंद नाही ना, ते बघून घेतलं. रेंज जायला अजून अर्धा तास होता. आठला पाच कमी असताना फोन वाजला, आणि पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यानं तो उचलला.

"अहो, इथे भांडणं लागलीत," बायको वाऱ्यातून ओरडत होती. "मासा लागला तर काठी पहिली कोणी धरायची? भावोजी म्हणतात मी, आत्या म्हणते मी. कप्तान म्हणतो, अर्जदाराला विचारा."

हेडक्लार्क उठून उभा राहिला. "हे बघ," तो म्हणाला, "ज्येष्ठतेनं जायचं. आता ज्येष्ठता दोन प्रकारची असते." आणि त्यानं बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फेऱ्या मारत दोन्ही प्रकार सांगितले. आत्याचं वय धरायचं, पण तिला बोट लागली तर काठी तात्पुरती खालच्याकडे द्यायची, आणि बरं वाटल्यावर तिनं मागितली तर परत करायची. साडूनं मधे बोलायचं नाही. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. गळ कोणी काढायचा, मासा कोणी मोजायचा, तेही त्यानं सांगितलं. बायको एका शब्दानंही मधे आली नाही. इतकं मन लावून तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज चढत गेला, भरत गेला.

कळलं ना, असं विचारून तो थांबला. उत्तर आलं नाही. त्यानं फोन कानापासून काढून बघितला. बोलणं तुटून अकरा मिनिटं झाली होती.

तो गॅलरीच्या कठड्यापाशी गेला. खाली शिक्षिका कपडे वाळत घालत होती, तिनंही वर बघितलं नाही. मग त्यानं फोन पुन्हा कानाला लावला, कारण माशाच्या वाटपाचा मुद्दा अजून राहिला होता.