तांबड्याचा दोस्त आणि दोनशेचाळीस नंबर

साहेब, एका कामाला घासायची एकच चकती हा नियम तुमच्या कचेरीनं काढला आणि आकाराम मिस्त्रीचं वाटोळं केलं. लोखंड कधी हातानं घासलंय का तुम्ही?

शिरोळच्या शांतिनाथ पाटलानं आकारामाला गूळ शिजवायची काईल सांगितली होती. आयुष्यातली पहिली काईल. ती बिघडली तर उसाच्या त्या साऱ्या भागात त्याला कुणी दारात उभं करणार नव्हतं. काईल झाली, पण आतला सांधा उंच राहिला. तो घासायला चकती हवी, आणि चकती मिळायची ती तुमच्याच खिडकीवर.

"कुठला नंबर? चोवीस, साठ, दोनशेचाळीस?" कारकुनानं विचारलं.

आकाराम तालमीत वाढलेला. वजन जास्त तो गडी दांडगा, एवढंच त्याला ठाऊक. "सगळ्यात मोठा द्या की. लोखंड हाय, खवा न्हवं."

नंबर मोठा तेवढी चकती बारीक, हे सांगायला कारकुनाची जीभ झिजली असती काय? त्यानं नुसता शिक्का मारला.

दिवसभर घासून सांधा तसूभर हलला नाही. काईल मात्र आरशासारखी चकाकली. आकारामाची बायको धोंडुबाई तिच्यात बघून कुंकू लावून गेली. जाताना म्हणाली, "उजव्या अंगाला अजून घासा. माझं नाक वाकडं दिसतंय."

सकाळी शांतिनाथ बैलगाडी घेऊन आला. "सांधा तसाच हाय की, मिस्त्री. गूळ चिकटून करपंल."

तोवर त्याच्या तांबड्या बैलानं काईलीत डोकावलं. आत दुसरा बैल. तांबड्यानं त्याला चाटलं, त्यानंही चाटलं. झालं. तांबड्यानं तिथंच बसकण मारली. शेपूट पिरगाळलं तरी उठेना.

"आदी सांधा घास," शांतिनाथ म्हणाला. "बैलाचं मागनं बघू."

आकारामानं कचेरीत हातापाया पडून चकती बदलून आणली. चोवीस नंबर. सांधा लोण्यासारखा गेला, पण चकाकीही गेली. तांबड्यानं काईल हुंगली, मागं जाऊन दोस्ताला शोधलं आणि वैरण सोडली. गाडीचं जू मानेवर घेईना.

"काईल ब्येस झाली," शांतिनाथ म्हणाला. "पर न्हेऊ कशी? तुझ्या पाठीवर? पैल्यासारखी चकचकीत कर, न्हाईतर तुझी तूच ठेव आन् तीत आंगूळ कर."

आकाराम पुन्हा खिडकीवर. "बारीकवाली परत द्या की."

"एका कामाला एक. बदली एकदाच."

"आवं, आदी जाड, मग बारीक, असंच असतंय की काम."

"असेल. नियमात नाही."

मग आकाराम आणि शांतिनाथ चिडले, आणि पुरावा म्हणून तांबड्यालाच ढकलत कचेरीवर घेऊन आले. तुमच्या दाराची काच शिपायानं सकाळीच लख्ख पुसली होती. तांबड्याला त्यात त्याचा दोस्त सापडला. आता तो दारातच बसलाय, काच चाटतोय. तुमचा जेवणाचा डबाही बाहेर अडकलाय.

तेव्हा साहेब, खिडकीतनं का होईना, तोंड उघडा. बारीक चकती देताय, की हे दारच काढून देताय?