तात्पुरता पत्ता

दाढीवाल्यानं शहरातल्या बाकांचा नकाशा पडद्यावर आणला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या सल्लागारानंही टाळ्या वाजवल्या, पण आवाज होणार नाही अशा बेतानं.

शहरातली संगणकवाली मंडळी दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमत. ओळखी व्हाव्यात, कामं मिळावीत, निदान चहा तरी मिळावा, असे साधे हेतू. ज्याला सगळे सल्लागार म्हणत तो छोट्या कंपन्यांना संगणकाबाबत सल्ला देऊन पोट भरत असे आणि ज्यांनी मागितला नव्हता त्यांना तो फुकट देत असे. गेली दोन वर्षं तो प्रत्येक बैठकीत उठून एकच गोष्ट सांगत आला होता. नगरपालिकेनं आपली माहिती सगळ्यांसाठी खुली केली आहे. झाडं, दिवे, गटारं, हवं ते उतरवून घ्या आणि लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करा. तो बोलायला उभा राहिला की लोक चहाकडे वळत. आणि आता हा काल आलेला दाढीवाला त्याच माहितीतून बाकांची यादी उचलतो काय, कुठल्या बाकावर किती वाजता सावली असते ते दाखवतो काय, आणि अख्खं सभागृह त्याला डोक्यावर घेतं काय!

"खरं तर ही कल्पना यांचीच," दाढीवाला सल्लागाराकडे हात करून म्हणाला. "यांचं बोलणं ऐकूनच मला सुचलं."

हे तर फारच झालं. माणसानं निदान वाईट तरी असावं, म्हणजे त्याचा राग करायला सोपं जातं.

त्यात बैठका भरवणाऱ्या ताईंनी जखमेवर मीठ चोळलं. "पुढच्या महिन्यात आपला वार्षिक मेळावा आहे. नगरपालिकेचे मुख्याधिकारी येणार आहेत. मुख्य भाषण कुणाचं, ते आपण या वेळी असं ठरवू. खुल्या माहितीतून केलेलं ज्याचं काम लोक सगळ्यात जास्त वापरतील, त्याचं."

सगळ्यांच्या माना दाढीवाल्याकडे वळल्या. ते भाषण सल्लागारानं दोन वर्षं मनातल्या मनात इतक्यांदा केलं होतं की कुठं थांबून पाणी प्यायचं हेही ठरलेलं होतं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय हो, चेहरा का पाडलाय?"

"काही नाही. एकानं बाकांचा नकाशा केलाय."

"मग? छान की! बाबांना फिरायला जाताना उपयोग होईल."

"झालाय," आतून वडिलांचा आवाज आला. "आजच बसून आलो. सावली अगदी सांगितल्याप्रमाणे होती हं!"

सल्लागार त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे नेहमीपेक्षा कमी जेवला.

बाकावर मात करायची तर माणसाला बाकापेक्षाही कशाची निकड असते, याचा त्यानं विचार केला आणि उत्तर लगेच मिळालं. नगरपालिकेच्या खुल्या माहितीत सार्वजनिक स्वच्छतागृहांची यादी होती. जवळचं कुठलं, उघडं आहे का, किती स्वच्छ आहे, सगळं दाखवायचं. शिवाय दाढीवाल्याच्या नकाशात नव्हती अशी एक सोय, तारे. गेलेल्या माणसानं परत येऊन एक ते पाच तारे द्यायचे आणि दोन शब्द लिहायचे.

काम झपाट्यानं झालं. एकच अडचण आली. यादीत अकरा स्वच्छतागृहांपुढे जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, भरलेलेच नव्हते आणि रिकामी जागा आली की सल्लागाराचा प्रोग्रॅम बंद पडायचा. वैतागून त्यानं त्या रिकाम्या जागी स्वतःच्या घराचे आकडे टाकले आणि शेजारी टीप लिहून ठेवली, 'तात्पुरतं. नंतर काढणे.' या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीइतकं दीर्घायुष्य दुसऱ्या कशाला नसतं, हे तो लोकांना पैसे घेऊन सांगत असे. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे फक्त एक दाढी होती. नकाशा सगळ्यांसाठी खुला करून तो समाधानानं कामावर गेला.

पहिली बेल दुपारी वाजली. बायकोनं दार उघडलं तर एक टाय लावलेले गृहस्थ दोन्ही पाय जुळवून उभे.

"टॉयलेट कुठल्या बाजूला?"

"कुणाचं?"

"सार्वजनिक. इथंच दाखवतंय." त्यांनी फोन पुढे केला. "अकरा आहेत म्हणे इथे."

"अकरा? अहो, आमच्या घरात माणसंसुद्धा तीनच आहेत!"

पण गृहस्थांचा चेहरा असा झाला होता की वाद घालायला वेळ उरला नव्हता. बायकोनं निमूटपणे आतलं दार दाखवलं. बाहेर येऊन त्यांनी इतक्या मनापासून आभार मानले की तिनं त्यांना पाणीही दिलं. तिचं तिथंच चुकलं.

संध्याकाळी सल्लागार घरी आला तेव्हा त्याचे वडील पेपर काखेत मारून स्वतःच्याच संडासासमोर रांगेत उभे होते. पुढे एक मुलीला घेऊन आलेली आई आणि एक रंगारी होता.

"माझा नंबर तिसरा आहे," वडील म्हणाले. "तू माझ्या मागे."

सल्लागारानं लॅपटॉप उघडला. नकाशावर शहराच्या मधोमध, बरोबर त्याच्या घरावर, भलामोठा निळा गोल होता आणि गोलात आकडा होता अकरा. एवढ्या ठळक गोलाकडे माणूस गेला नाही तरच नवल. एक ओळ पुसली की काम झालं असतं. हात पुढे गेलाही, पण तेवढ्यात त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्यांकडे गेलं.

त्याचा नकाशा वापरणारी माणसं बाकांच्या नकाशाहून जास्त झाली होती. आणि तारे कुठे पडत होते? नगरपालिकेच्या खऱ्या स्वच्छतागृहांना एक, फार तर दीड. त्याच्या घराला पाच. 'टॉवेल कोरडा.' 'कडी नीट लागते.' 'बाई फार सज्जन, पाणी विचारतात.' शहराचं सर्वोत्तम स्वच्छतागृह त्याच्या घरात होतं आणि ते पुसलं तर मागे उरत होते दीड दीड तारे. ते बघायला कोण येणार?

त्यानं लॅपटॉप मिटला.

"काय झालंय हे?" बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"नगरपालिकेची चूक," सल्लागार म्हणाला. "त्यांच्या माहितीत आपला पत्ता पडलाय. मी कळवलंय. पण सरकारी काम, तुला माहीतच आहे. मेळाव्यापर्यंत होईल."

"मेळाव्याचा काय संबंध?"

"संबंध नाही. आपलं एक अंदाजानं म्हटलं."

त्यानंतर घराची पार रया गेली. साबण बघता बघता संपू लागला. दुपारची झोप बंद झाली. रांग जिन्यापर्यंत जायला लागली तेव्हा बायकोनं माळ्यावरचा जुना बाक खाली काढून दाराबाहेर ठेवला, कारण म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवणं तिला पटेना. वडील मात्र खुलले. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकायला कुणी थांबत नव्हतं. आता बाकावर बसलेल्यांना थांबण्यावाचून इलाज नव्हता. ते आपल्या नोकरीतल्या हकिकती पहिल्यापासून सांगू लागले. एक दिवस ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीची बस दारात थांबली.

"अकरा आहेत म्हणून गाडी वळवली," ड्रायव्हर म्हणाला. "एकाच वेळी सगळ्यांचं होऊन जाईल म्हटलं."

ते काम दिवसभर चाललं. सल्लागार तेवढा वेळ आतल्या खोलीत बसून आकडे वाढताना बघत होता. बाहेर बायको बादल्या वाहत होती, त्याची त्याला लाज वाटत होती. पण दाढीवाला मागे पडत होता, त्याचं सुख लाजेहून मोठं होतं.

आणि एका सकाळी बाकांचा आकडा अचानक उसळी मारून पुढे गेला. सल्लागारानं घाईघाईनं तो नकाशा उघडला. शहरातल्या सर्वांत लोकप्रिय बाकाचा फोटो होता. 'दिवसभर सावली. शेजारी स्वच्छतागृह. गप्पा मारायला एक आजोबा.' फोटोत त्याचे वडील हात उंच करून काहीतरी सांगत होते.

"माझा बाक!" तो किंचाळला. "माझ्या दारातला बाक, माझा बाप, आणि नाव त्याचं!"

तो तरातरा बाहेर निघाला आणि बैठकीच्या खोलीच्या पडद्यामागेच थबकला, कारण दाढीवाला आत खुर्चीवर बसला होता आणि बायको त्याला चहा देत होती.

"बाक नकाशावर टाकण्याआधी विचारायला हवं होतं वहिनी, चुकलंच माझं," तो म्हणत होता. "पण तुम्हा लोकांचं कौतुक वाटतं. स्वतःचं घर असं लोकांसाठी उघडं करायचं म्हणजे..."

"आम्ही कसलं उघडं करतोय? नगरपालिकेनं चुकून आमचा पत्ता घातलाय."

"छे हो! नगरपालिकेच्या यादीत तुमचं घर नाहीच. मी ती यादी कितीदा चाळलीय. पत्ता साहेबांनी स्वतः घातलाय. आणि बोलले नाहीत ना तुम्हाला? केवढं मोठं मन! मला तर त्यांचा हेवा वाटतो."

पडद्यामागे सल्लागाराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"स्वतः घातलाय," बायको सावकाश म्हणाली. "हो का? आणखी थोडा चहा घ्या ना."

त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं भांडं आपटलं असतं, माहेरी जाते म्हणाली असती, तर सल्लागाराला बरं वाटलं असतं. ती फक्त एकदा म्हणाली, "तुमच्या त्या मेळाव्याला मी येते हं."

मेळाव्याला सभागृह भरलं होतं. ताईंनी निकाल सांगितला. माणसं बाकांकडे अधिक वळली होती खरी, पण दाढीवाल्यानं स्वतः उठून सांगितलं की ती सगळी सल्लागाराच्या दारात बसलेली असतात, तेव्हा भाषणाचा मान सल्लागाराचाच. सल्लागार व्यासपीठावर चढला. त्याला काही ठरवावं लागलं नाही, भाषण आपोआप बाहेर पडलं. माहिती खुली हवी, कारभार खुला हवा. ठरल्या जागी तो पाणी प्यायला आणि मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावली तेव्हा त्याचे पायच जमिनीवर राहिले नाहीत.

"आणि म्हणून," तो म्हणाला, "मी स्वतःच्या घराचं दारही खुलं केलं!"

टाळ्या थांबता थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा शेवटच्या रांगेतून एक हात वर आला.

"एक विचारू का?" बायको म्हणाली. "तिथली साफसफाई कोण करतं?"

सभागृह त्याच्याकडे पाहू लागलं. मुख्याधिकारीही पाहू लागले. पहिल्या रांगेत दाढीवाला कौतुकानं डोळे मोठे करून बसला होता. खरं सांगावं तर अब्रू जाणार होती, आणि खोटं सांगावं तर बायको समोर होती.

"मी," सल्लागार म्हणाला.

"रोज?"

"रोज."

"वा!" मुख्याधिकारी उद्गारले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या बायकोच्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सल्लागार सकाळी कामाला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर ब्रश घेऊन बसू लागला. तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. आठवडाभर बायकोनं हे मन भरून पाहिलं आणि मग तिला त्याची दया आली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "खोड मोडली ना? आता पुसून टाका तो पत्ता."

सल्लागाराचे डोळे भरून आले. हात धुऊन त्यानं लॅपटॉप उघडला, ती तात्पुरती ओळ शोधून काढली आणि पुसायच्या आधी शेवटचं म्हणून नकाशाकडे पाहिलं. निळ्या गोलापासून थोड्या अंतरावर एक नवा ठिपका दिसत होता. त्यानं तो उघडला. मेळाव्यानंतर सल्लागारानं नकाशात कुणालाही जागा घालता येईल अशी सोय केली होती आणि दाढीवाल्यानं आपलं घर त्यावर टाकलं होतं. 'सल्लागार साहेबांपासून प्रेरणा घेऊन,' असं खाली लिहिलं होतं. तिथं आजवर एकच माणूस गेला होता. त्यानं पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, 'साबण सुगंधी. हात पुसायला कागदी रुमाल.'

"पुसलंत का?" बायकोनं विचारलं.

सल्लागारानं पुसायच्या कळीवरचं बोट उचललं.

"अगं," तो म्हणाला, "आपण साबण कुठला वापरतो?"

तेवढ्यात बेल वाजली. बायको उठायच्या आत तो दारापाशी पोचला होता.