मेमरीचा प्रवेशसोहळा

मधुसूदनपंतांनी संगणकाच्या पडद्यावरचा आकडा तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा पुसला. आकडा काही बदलेना. संगणकाच्या पोटात दोन-दोन जीबीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या, आणि तो मात्र दोनच जीबी कबूल करत होता. पुस्तकांची संयुक्त यादी उघडायला घेतली की पडदा जागच्या जागी थिजायचा.

पाटणकर बाजारातलं पंतांचं मराठी वाचनालय आणि हजीऱ्याचं दौलतसिंहांचं, दोन्हीकडे वाचक उरले नव्हते, म्हणून समितीनं त्यांचं विलीनीकरण केलं होतं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला विलीनीकरण काही नवं नाही. आजोबांच्या काळात अख्खं संस्थान विलीन झालं, पण तेव्हाही एवढे रुसवेफुगवे झाले नसतील. फलकावर कुणाचं नाव आधी, यावर चार बैठका झाल्या. पुस्तकांवर एकही झाली नाही. दोन ग्रंथपालांत खुर्ची मात्र एकच उरणार होती, आणि बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या पंतांना घास गोड लागत नव्हता.

हजीऱ्याचा संगणक जळाला होता. त्यातली मेमरीची पट्टी तेवढी वाचली, ती पाटणकर बाजारच्या संगणकात बसवायचं ठरलं. अध्यक्ष शालिनीताईंनी मुहूर्त काढला. दौलतसिंह आपली पट्टी स्वतःच्या हातानं, टाळ्यांच्या गजरात बसवणार हे कळलं आणि पंत अस्वस्थ झाले. आपली पट्टी तर आधीपासूनच आत! मग तिचा प्रवेश व्हायचा कसा? शेवटी आदल्या दिवशी त्यांनी उत्तम चालणारी पट्टी उपटली आणि घरी नेऊन देवघरात ठेवली.

"अहो, हे काय आणलंत?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"वाचनालयाची मेमरी. उद्या प्रवेश आहे तिचा."

"मग विड्याच्या पानावर ठेवा. नुसती काय ठेवता!"

बाकीचं पंतांनी यथासांग उरकलं. दुसऱ्या दिवशी दोघांनीही पट्ट्या बसवल्या, दोघांनाही टाळ्या मिळाल्या, आणि संगणक होता तिथंच, दोन जीबीवर राहिला.

"आपली पट्टी जळक्या घरातून आलेली, दौलतसिंहसाहेब," पंत म्हणाले. "तिच्यात काय जीव असणार?"

"पंत, पहिले तपासून तर घ्या. बोलायचं नंतर बघू."

पण पंतांना तपासायची गरजच वाटत नव्हती. आपल्या पट्टीमागं साक्षात देव उभा होता. त्यांनी आपण होऊन ठराव मांडला, 'ज्याची पट्टी चालणार नाही, त्याने खुर्चीवरचा हक्क सोडावा.' शालिनीताईंनी तो इतिवृत्तात लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

मग पडाव भागात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारी राजलक्ष्मी आली. तिनं सेटिंग पाहिलं, मान हलवली आणि संगणकाचं झाकण उघडलं.

"सेटिंग एकदम ठीक आहे, काका. एक पट्टी मशीनला दिखतच नाहीये. एकेक लावून बघू."

दौलतसिंहांची पट्टी एकटी लावली. संगणक निमूट चालू झाला. पंतांची एकटी लावली. पडदा काळा, आणि आतून नुसती पीं पीं. शालिनीताईंनी इतिवृत्ताची वही जवळ ओढली.

राजलक्ष्मीनं पट्टी काढून उजेडात धरली. खालची सोनेरी कड पिवळी आणि लाल झाली होती.

"हे भगवान! हळदीकुंकू कोणी लावलं? याच कडेतून तर सगळं काम होतं!"

पंतांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सबंध पट्टीत तेवढंच सोनं दिसलं, म्हणून त्यांनी मान तिथं दिला होता. हळद ओली कालवली होती, चांगली बसावी म्हणून.

"पूजा तर मीही केली," दौलतसिंह हळूच म्हणाले. "पण आमच्यात दसऱ्याला तलवारीच्या मुठीला कुंकू लावतात, पंत. धारेला नाही. धारेला काम करायचं असतं."

"खोडरबर आहे का कोणाकडे?" राजलक्ष्मीनं विचारलं.

खोडरबर पंतांच्याच खणात होतं. बावीस वर्षं वाचकांनी पुस्तकांत पेन्सिलीनं केलेल्या खुणा ते त्यानंच पुसत आले होते. त्यांनी ते मुकाट्यानं पुढं केलं. कबुलीजबाब तेवढाच.

राजलक्ष्मीनं कड घासली, फडक्यानं पुसली, दोन्ही पट्ट्या बसवल्या. पडद्यावर चार जीबी आले. संयुक्त यादीही उघडली.

"पण ठराव झालेला आहे," शालिनीताई म्हणाल्या.

दौलतसिंहांनी वही हातात घेतली. "ठरावात 'चालणार नाही' असं लिहिलंय, ताई. आता तर ही चालून राहिली आहे."

पंतांचे डोळे भरून आले. या माणसाच्या पट्टीला आपण जळक्या घरची म्हणालो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. शालिनीताईंनी ठराव खोडला आणि त्याच टेबलाशी दुसरी खुर्ची मांडायला सांगितलं.

दसऱ्याला पंतांनी हळदीकुंकवाची कुयरी स्वतः दौलतसिंहांपुढं धरली.

"आपणच लावा. मुठीला."

दौलतसिंहांनी बोट बुडवलं, संगणकाला मागून-पुढून एक चक्कर मारली आणि ते थबकले. "पंत, याची मूठ कुठली?"

पंतांनाही सांगता येईना. दोघांनी बराच खल केला आणि अखेर राजलक्ष्मीला फोन लावला.

"काका," पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "दोघं मिळून टेबलाला लावा!"