भरमू आप्पाचं बियाणं

ओव्हरसियरसाहेबांनी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला. तांब्यात बोटाएवढा मासा फिरत होता. साहेब लालबुंद झाले. पाणी देणाऱ्या भरमू आप्पानं तांब्यात डोकावून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "पाणी चांगलं हाय सायेब. वंगाळ असतं तर ह्यो जगला असता व्हय?"

यावर काय बोलावं हे साहेबांच्या इंग्रजी पुस्तकात नव्हतं. त्यांनी मला झापलं. ते रीतीला धरूनच होतं, कारण भरमू आप्पाला पाणक्या नेमणारा मीच.

मी त्या वेळी हजेरी कारकून होतो. शहापुरातल्या घरून निघताना आईनं 'सरकारी नोकरी' म्हणून ओवाळलं होतं, आणि येऊन पडलो निपाणीकडच्या एका उघड्याबोडक्या खेड्यात. पाऊस दोन वर्षं रुसलेला. सरकारनं गावच्या तलावातला गाळ काढायचं आणि बांध वाढवायचं दुष्काळी काम काढलं होतं. पेरणी नाही म्हणून शेतकरी आणि पाणी नाही म्हणून मासे धरणारे भोई, असे सगळेच टिकाव-पाट्या घेऊन सकाळी माझ्यापुढं रांगेत उभे राहत. भरमू आप्पा भोयांतला सगळ्यांत म्हातारा. टिकाव उचलला की टिकावच त्याला ओढून न्यायचा. म्हणून मी त्याला पाणी वाटायला लावलं. हा निर्णय फार शहाणपणाचा आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आप्पाची कावड होती. तिच्या एका घागरीत माणसांचं पाणी आणि दुसरीत मासे. घाईत कधी कधी घागरींची अदलाबदल व्हायची, एवढाच काय तो गोंधळ.

मासे कशाला, हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो उलट विचारायचा, "तुमी बियाणं दळून खाता काय?" शेतकऱ्याला विचारायचा, कारकुनाला विचारायचा, एकदा तर देवळातल्या गुरवालाही विचारलं. तलाव आटून मधोमध एक डबकं उरलं होतं. सगळे मासे तिथं गोळा झालेले. लोक टोपल्यांनी धरून नेत, आणि दिवस असे होते की त्यांना बोल लावणं पाप. आप्पा मात्र कमरेएवढ्या चिखलात उतरायचा, पोटात अंडी असलेल्या माद्या आणि चांगले जाणते नर निवडायचा आणि घागरीत घालून गावातल्या विहिरींत नेऊन सोडायचा.

त्याच्या भावकीतली माणसं चिडायची. "आप्पा, आज पोटाला मिळू दे. फुडचं फुडं बघू."

"फुडं काय बघणार? बी ऱ्हायलं तर तळं, न्हायतर नुस्तं पाणी," आप्पा म्हणायचा. "पाणी काय जाळ्यात धरून इकणार हायस?"

विहीरवाल्यांशी बोलणं हे तर एक नाटकच असायचं. एका वैदिकाच्या परसात मी स्वतः हजर होतो. भटजी म्हणाले, "अरे, सोवळ्याचं पाणी आहे हे." आप्पानं घागर खाली ठेवली. "महाराज, ही जात श्येवाळ खाती. मास म्हणून शिवत न्हाय. तुमच्यापरीस सोवळी." भटजी हसले आणि तिथंच हरले. मरळ मात्र आप्पा कुणाच्या विहिरीत दुसऱ्या माशांबरोबर सोडायचा नाही. मरळ बाकीच्यांची पिल्लं गिळते. "ती सावत्र सासू हाय," तो म्हणायचा, आणि तिला वेगळं बिऱ्हाड बघायचा.

पण उन्हाळा तापला तशा विहिरीही एकेक करून तळाला गेल्या. आप्पा रोज या विहिरीतले मासे काढून त्या विहिरीत घालत फिरायचा. त्यातच साहेबांचा हुकूम आला. तलावाचं पाणी सोडायची मोरी डबक्याच्या बुडाशी यायची होती आणि पावसाच्या आत ती बांधायला हवी होती. सोमवारी चर खणून डबकं रिकामं करायचं. तलावातले शेवटचे मासे तीन दिवसांत हलवले नाहीत, तर ते चिखलात मरणार होते, आणि मग पाऊस कितीही पडला तरी भोयांना त्या तलावात काम उरणार नव्हतं.

गावात भरवशाचं पाणी एकाच विहिरीला, नेमाण्णाच्या. नेमाण्णा जैन शेतकरी. दिवस मावळायच्या आत जेवायचा, पाणी गाळून प्यायचा, वाटेत मुंग्या दिसल्या की धोतर सावरून कडेनं जायचा. आप्पा भीत भीतच त्याच्याकडं गेला.

नेमाण्णा लगेच म्हणाला, "जीव हाय न्हवं? आण की."

आप्पाला आभाळ ठेंगणं झालं. तीन दिवस त्यानं आणि मी कामावरून मोकळ्या केलेल्या चार बायकांनी घागरी वाहिल्या. माशावर दया करणारा माणूस मासे परत देईल का, हा प्रश्न एवढ्या माणसांत कुणालाच पडला नाही. मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो, मलाही नाही.

नेमाण्णाला तर माशांचं वेडच लागलं. सकाळ-संध्याकाळ पायरीवर बसून तो लाह्या टाकायचा. मासे त्याची चाहूल लागताच वर यायचे. घरची माणसं म्हणायची, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, पण विहिरीत डुबुक झालं की उठून जातात.

मग पाऊस लागला. मोरी टिकली, तलाव निम्मा भरला. भोयांनी आढ्याला टांगलेली जाळी खाली काढली. माझी हजेरी बंद व्हायला आली होती, म्हणून मीही आप्पाबरोबर विहिरीवर गेलो.

नेमाण्णा वरच्या पायरीवर आडवा बसला होता. "न्हाय," तो म्हणाला. "माझ्या दारात आलेला जीव मी मरायला धाडणार न्हाय."

"आरं, मी त्यास्नी तळ्यात सोडणार हाय."

"आनि फुडच्या साली जाळ्यात धरणार."

"ह्यास्नी न्हाय धरणार. ह्यांची पिल्लावळ वाढंल, तिच्यावर भोयांची घरं चालतील. ह्यास्नी मी हात लावणार न्हाय, कुणाला लावू देणार न्हाय."

"एवढ्या तळ्यात वळखणार कसा?"

"तू तुझी म्हसरं वळखत न्हाईस व्हय?"

नेमाण्णा मान हलवून म्हणाला, "असं न्हाय. पोराच्या डोस्क्यावर हात ठिवून सांग."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. आप्पा खाली पाण्याकडं बघत राहिला. "डोस्कं कुटनं आणू, नेमाण्णा? मानमोडीच्या साथीत दोघंबी गेली. त्येंची आईबी गेली. आट दिसांत."

सगळ्या गावाला ते माहीत होतं. फक्त मला नव्हतं. वर्षभर रोज सकाळी मी त्याचं नाव पुकारलं होतं, पण घरी कोण असतं हे कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आप्पा पायऱ्या उतरून पाण्याशी बसला. लाह्यांची सवय झालेला एक मोठा मासा वर आला. आप्पानं त्याच्या डोक्यावर अलगद हात ठेवला.

"ह्यांच्यावर ठिवतो," तो म्हणाला. "माजी आता हीच."

नेमाण्णा उठला. त्यानं धोतराचा काचा मारला आणि गुडघाभर पाण्यात उतरला. जन्मात माशाला न शिवलेल्या त्या माणसानं दोन्ही हातांनी तो मासा उचलून घागरीत ठेवला.

"मी बी येत जाईन तळ्यावर," तो म्हणाला. "बाजारच्या दिशी. लाह्या घिऊन."

पहिली घागर नेमाण्णानंच खांद्यावर घेतली. तलावापर्यंतच्या वाटेवर आप्पा आमच्या मागं मागं राहत होता. का, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, म्हणून आम्ही मागं वळून न बघता चालत राहिलो.