परबांचं घर नेमकं कुठे आहे

वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला, तरी चिंचपोकळीच्या नव्या टॉवरमध्ये, सोळाव्या मजल्यावरच्या परबांच्या घरी ना गुरुजी पोहोचले होते, ना एकही पाहुणा. लवू परब पीतांबर नेसून दारात उभे होते. पाहुणे वाट चुकणं शक्यच नव्हतं, कारण पत्ता सांगण्याची जुनाट पद्धत परबांनी बंद केली होती. "कसं यायचं?" असं कोणी विचारलं, की ते एवढंच म्हणत, "लोकेशन टाकलंय." सकाळी देवघरासमोर बसून, चष्मा न लावता, त्यांनी सगळ्यांना निळा ठिपका धाडला होता. ठिपका छान लुकलुकत होता.

"मी म्हणत होते, स्टेशनाबाहेर येऊन विचारा म्हणून सांगा," त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कोणीपण दाखवतं."

"अगं, वर उपग्रह फिरतायत. ते काय रिकामटेकडे आहेत?"

तेवढ्यात फोन वाजला. गिरगावातले गुरुजी होते. परबांकडे ते पहिल्यांदाच येत होते.

"परब, फोन म्हणतो, आपण पोहोचलात. माझ्यासमोर पत्र्याचं कुंपण आहे, आत बुलडोझर चालू आहे. वास्तूची शांत करायची आहे की उत्तरक्रिया?"

तेवढ्यात तिकडे गुरुजींच्या हातातला फोन परबांच्या जुन्या चाळीतल्या शेजारीण आनंदीबाईंनी ओढून घेतला. "अरे लवू, आमी सगळे हंयसरच आसंव! नायगावात, आपल्या चाळीसमोर. माका वाटला, जुन्या घराचो निरोप घेवक बोलावलंस!"

परबांनी लगेच नवं लोकेशन पाठवलं. मिनिटभरात आनंदीबाईंचा उलट फोन आला, "ह्या पण हंयचाच रे!"

"पत्ता तोंडी सांगा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. तोही सांगून झाला. पण गुरुजींचा टॅक्सीवाला तोंडी पत्त्यावर गाडी काढणाऱ्यांतला नव्हता. "मॅप जो बोलेगा वोही," म्हणाला आणि त्याने गाडी बंद केली. मॅप तर म्हणत होता, पोहोचलात.

परबांची मुलगी अनुजा शिऱ्याचं पातेलं तसंच सोडून बाहेर आली. तिने आधी फोनकडे पाहिलं, मग देवघराकडे. देवघरात गणपती, कुलदेवता आणि त्यांच्या शेजारी हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला वायफायचा डबा होता.

"बाबा, हा चाळीतलाच ना?"

"म्हणजे काय! देवांच्या टोपलीतूनच आणला. नव्या घरात पहिलं पाऊल त्यांचंच."

अनुजाने कपाळाला हात लावला. "अहो, घरात फोनला आभाळ दिसत नाही. उपग्रह नीट सापडत नाहीत. मग तो आजूबाजूचे वायफाय हुंगतो. कुठला डबा कुठे असतो, त्याची कंपनीकडे नोंद असते. आपल्या मजल्यावर अजून दुसरं कोणी राहायला आलेलं नाही, म्हणजे डबा एकच. आणि त्याची नोंद नायगावची."

मुहूर्त टळत होता, पण परब खुर्ची ओढून बसले. "मग ही नोंद घेतली कोणी? माणूस आला होता?"

"रस्त्याने जाणाऱ्या लोकांचे फोनच कळवतात."

"आपल्याला न विचारता? म्हणजे इतकी वर्षं चाळीखालून जो गेला, तो चुगली करून गेला? आणि डब्याला अजून वाटतंय, आपण चाळीतच आहोत?"

"डब्याला काही वाटत नाही, बाबा."

"तुझ्या आईला वाटतं. परवा पहाटे बादली घेऊन दाराबाहेर गेली होती नळावर."

"आधी गुरुजींना आणा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मुहूर्त हुकला तर वर्षभर सगळे मलाच ऐकवतील."

अनुजाने डबा बंद केला. आता नकाशावरचा ठिपका फुगला आणि लालबागपासून परळपर्यंत एक भलंमोठं निळं वर्तुळ पसरलं. "यात कुठेतरी," असं फोनचं म्हणणं होतं. परब ते कौतुकाने पाहत राहिले. "एवढी जागा बिल्डरने दिली असती तर!"

शेवटी आभाळ शोधायला ते पीतांबरासकट खाली रस्त्यावर गेले. डोळे मिटून, फोन धरलेला हात वर करून उभे राहिले. भाजी घेऊन चाललेल्या एका बाईने पिशवी खाली ठेवून त्यांना नमस्कार केला. परबांनी दुसऱ्या हाताने आशीर्वाद दिला. मग उपग्रह प्रसन्न झाले, ठिपका आकसला आणि चिंचपोकळीत येऊन बसला.

टॅक्स्या आल्या तेव्हा मुहूर्त संपत आला होता. गुरुजी धावतच लिफ्टमधून बाहेर पडले, पाटावर बसले आणि त्यांनी परबांच्या हातावर पाणी सोडून संकल्प सुरू केला. "जंबुद्वीपे, भरतवर्षे, दक्षिणापथे, गोदावर्याः दक्षिणे तीरे…"

परबांचा हात थबकला. "गुरुजी, हे काय चाललंय?"

"स्थळ सांगतोय. पूजा कुठे चालली आहे, ते देवाला कळायला नको?"

"गोदावरीच्या दक्षिणेला? एवढंच? त्याच्यावर देवाला घर सापडतं?"

"आजवर एकाही देवाची तक्रार नाही," गुरुजी म्हणाले. "चला, पाणी सोडा."

परबांनी पाणी सोडलं. पण मघाचा अनुभव ताजा होता. गुरुजी पुढच्या मंत्राला लागल्याचं पाहून ते किंचित पुढे वाकले आणि गणपतीच्या कानाशी हळूच म्हणाले, "बी विंग. लिफ्टमधून बाहेर आलं, की डाव्या हाताला."